पागडीचे भाडेकरू आणि पेइंग गेस्ट

नमस्कार मंडळी. आज जरा आपल्या खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंड्यांबद्दल बोलूया, म्हणजे कुंड्यांबद्दल कमी आणि त्यातल्या पानांच्या पाठीमागे जे राहतात त्यांच्याबद्दल जास्त.

झालं असं की आमच्या ग्रिलमध्ये एक लाल जास्वंद आहे, खाली बरोबर शेजाऱ्यांच्या एसीचा डबा, त्याची गरम हवा सगळी हिच्या अंगावर. मार्चमध्ये पानं फिकी पडायला लागली, पिवळी नाही हं, फिकी, कुणी बारीक सुईने टोचून टोचून रंग काढून घ्यावा तशी. आधी वाटलं पाणी कमी पडतंय, मग वाटलं खत, चहाचा चोथाही घालून झाला. शेवटी एक पान तोडलं आणि पांढऱ्या कागदावर झटकलं. धूळ पडली. आणि दोन सेकंदांनी ती धूळ चालायला लागली!

तर हे कोळी. आता मुंबईत कोळी म्हटलं की आधी वरळी नाहीतर माहीमचा कोळीवाडा डोळ्यासमोर येतो, मग भिंतीवरचा जाळं विणणारा कोळी, आणि शेतकऱ्याला विचारलंत तर तो म्हणेल लाल कोळी, वांग्यावर, भेंडीवर, गुलाबावर येतो तो. एका शब्दात तिघं बसवलेत आपण. हा तिसरा किडा नाहीच खरं तर, किड्याला पाय सहा, याला आठ, म्हणजे नात्याने तो भिंतीवरच्या कोळ्याच्या जवळचा. अंगाने मात्र जेमतेम अर्धा मिलिमीटर. पानाच्या मागे बसून सुईसारखी सोंड एकेका पेशीत खुपसायची, आतला हिरवा रस ओढायचा, पुढच्या पेशीवर जायचं. ती रिकामी झालेली पेशी म्हणजे आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका.

माझ्या जास्वंदीवर होता तो दोन ठिपक्यांचा कोळी, शास्त्रीय नाव टेट्रानिकस अर्टिकी. पाठीवरचे ते दोन काळपट ठिपके म्हणजे रंग नाही, पोटातलं जेवण बाहेरून दिसतं! हा म्हणजे पक्का पेइंग गेस्ट, कुठेही राहतो, काहीही चालतं. हजाराच्या वर जातींच्या झाडांवर त्याची नोंद आहे. कोरडी गरम हवा मिळाली तर अंड्यापासून आठ-दहा दिवसांत जाणता होतो, आणि वाऱ्याबरोबर एकटी मादी उडत आली तरी वंश अडत नाही, कारण न फळलेल्या अंड्यांतूनही पिल्लं निघतात, फक्त ते सगळे नर असतात. म्हणजे एसीच्या डब्यावर कुंडी ठेवून मी त्याला हनीमून पॅकेजच दिलं होतं म्हणा ना.

आणि वर माझी चूक ऐका. नर्सरीवाल्याने एक कीटकनाशक दिलं, मी दर चार दिवसांनी फवारलं, तीन आठवड्यांत कोळी दुप्पट. कारण त्या औषधाने मेले कोण, तर कोळी खाणारे. छोटे ढालकिडे, आणि कोळ्यांचेच शिकारी भाऊबंद, तेही कोळीच पण झाड न खाता दुसऱ्या कोळ्यांना खाणारे. लाल कोळी मात्र औषध पचवण्यात वस्ताद. २०११ साली त्याचा सगळा जनुकसंच वाचून झाला तेव्हा त्यात विष मोडणाऱ्या जनुकांची फौजच सापडली, काही तर जिवाणूंकडून आणि बुरशीकडून उचललेली. हजार झाडं खायची म्हणजे हजार प्रकारची विषं पचवायची सवय, त्यात आपली बाटली काय एक आणखी.

आता दुसरा प्रकार, मला जास्त आवडणारा, पागडीचा भाडेकरू. एक झाड धरलं की पिढ्यानपिढ्या तेच, सोडणार नाही. याला इरिओफाइड कोळी म्हणतात. दिसायला गाजरासारखा लांबट, आणि गंमत म्हणजे पाय आठ नाहीत, चारच, तेही पुढे तोंडाजवळ. पट्टीवरच्या एका मिलिमीटरवर असे चार-पाच एका रांगेत झोपतील. नुसत्या डोळ्यांनी दिसायचा नाहीच, पण घर मात्र रस्त्यावरून दिसतं. तुमच्या रस्त्याला करंज असेल, मुंबईत असतोच, तर उन्हाळ्यात नवी पोपटी पालवी आली की पानांवर पुटकुळ्या उठलेल्या बघा, गोवर आल्यासारखं पान. त्या गाठी कोळी बांधत नाही, झाडच बांधतं. कोवळ्या पानाला कोळ्याने टोचलं की तिथल्या पेशी वेड्यावाकड्या वाढतात आणि आत पोकळी होते, भाडेकरूला आयती खोली, खायलाही तिथेच. झाडाचं फारसं बिघडत नाही, उगाच कुणी सोसायटीत करंज तोडायचा ठराव मांडू नका. आणि सातवीणीच्या पानांवर गाठी दिसल्या तर त्या याच्या नाहीत, तिथे एक वेगळा रस शोषणारा कीडा असतो, मीही बरीच वर्षं दोन्ही एकच समजत होतो.

नारळाचा मात्र वेगळा विषय आहे. शहाळंवाल्याकडे उभे असाल तर कोयता चालवायच्या आधी देठाकडची टोपी बघा. टोपीच्या कडेखालून निघालेला तपकिरी, खरबरीत, चिरा पडलेला डाग दिसतो, जुन्या सालीसारखा. हे त्या नारळाच्या कोळ्याचं काम. फळ अगदी लहान असताना तो टोपीखाली शिरतो, कोवळी साल शोषतो, आधी फिकट त्रिकोणी डाग येतो, मग फळ वाढेल तसा तो फाटत जातो. पाणी प्यायला काही धोका नाही, बिनधास्त प्या. बागायतदाराला मात्र फळ लहान मिळतं आणि सोलायला त्रास. टोपीखाली बसल्यामुळे फवारा पोचत नाही, तीच तर मेख.

हा कोळी मूळचा आपला नव्हे. १९६५ साली मेक्सिकोच्या गेरेरो प्रांतातल्या नारळावरून त्याला नाव मिळालं, भारतात तो पहिल्यांदा दिसला १९९८ साली केरळात, एर्नाकुलम जिल्ह्यात, आणि तिथून पसरत आपल्या कोकणापर्यंत. पण थांबा, आपणही हिशोब चुकता केलाय. १९२४ साली कोइमतूरच्या नारळावर एक लालभडक कोळी नोंदला गेला, राओइएला इंडिका, नावातच इंडिया. इथे तो नारळ-सुपारीवर गुपचूप राहतो. २००४ मध्ये हा पठ्ठ्या कॅरिबियनमध्ये मार्टिनिक बेटावर सापडला, तिथून फ्लोरिडा, आणि तिकडे गेल्यावर केळीवरसुद्धा ताव मारायला लागला. गावात शाकाहारी, परदेशात सगळं चालतं, असं आपल्यातल्याही कुणाकुणाचं होतंच.

मिरचीचं थोडक्यात सांगतो. पान वरच्या बाजूला वळलं तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला होडी उलटी ठेवल्यासारखं वळलं तर पिवळा कोळी. कुंडीत एक मिरची लावलेल्यालाही हे उपयोगी पडतं.

आणि तूर. आपलं रोजचं वरण. तुरीवर एक इरिओफाइड कोळी राहतो, तूर आणि तिचे रानटी भाऊबंद सोडून कुठे जात नाही, स्वतः फारसं नुकसानही करत नाही. पण तो एक विषाणू घेऊन फिरतो. त्याने झाड हिरवंगार, झुडपासारखं दाट होतं, आणि फुलतच नाही, शेंग नाही, म्हणून शेतकरी त्याला वांझ रोग म्हणतात. १९३१ साली बिहारमध्ये पुसा इथे नोंद झाली आणि तो विषाणू नेमका हातात यायला जवळजवळ सत्तर वर्षं गेली.

बरं, जास्वंदीचं काय झालं ते राहिलंच. औषध बंद केलं, कुंडी एसीपासून लांब सरकवली, आणि दर दोन-तीन दिवसांनी पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरात फवारा, झाडाखाली जुना टॉवेल धरून, नाहीतर खालचे शेजारी वर येतात, आलेही होते एकदा. ठिपके पूर्ण गेले नाहीत. काल पुन्हा एक पान कागदावर झटकलं, धूळ थोडी कमी चालली, आणि त्या धुळीच्या मागे एक मोहरीपेक्षा बारीक काळा ढालकिडा लागला होता. तो मी बोटाने उचलून परत पानावर ठेवला. नमस्कार.