शेवटचे बावीस सेकंद

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या किनारपट्टीवर खेळ म्हटला की आधी कबड्डी. म्हणून बास्केटबॉलबद्दल बोलायचं असलं तरी सुरुवात तिथूनच करतो. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करा किंवा मरा’. तीस सेकंद, समोर सात जण आणि आपला एकटा गडी. हे आमच्या इतकं अंगात मुरलंय की बास्केटबॉलचे आम्ही प्रशिक्षकसुद्धा शेवटच्या मिनिटात पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्या गड्याला, चढाईलाच पाठवतो.

मी तेच केलं होतं. जांभ्याच्या सड्यावरचं सिमेंटचं कोर्ट, ऑक्टोबरची दमट दुपार. आम्ही एका गुणाने मागे, बावीस सेकंद शिल्लक, चेंडू आमचा. टाइमआउट घेतला आणि आमच्या पॉइंट गार्डला म्हटलं, “तूच घे, शेवटपर्यंत धर.” पोरगा मध्यभागी ड्रिबल करत घड्याळाकडे बघत राहिला. बाकीचे चौघे एसटीची वाट बघत असल्यासारखे उभे. सहा सेकंद उरल्यावर तो आत घुसला, दोघांनी त्याला कोंडला, चेंडू रिंगपर्यंतही गेला नाही. परतताना गाडीत तो एवढंच म्हणाला, “सर, पास द्यायचा होता, पण कोणी हललंच नाही.”

यात त्याचं काय चुकलं? काहीच नाही. चूक माझ्या हिशेबात होती. बरोबरी असेल तर शेवटपर्यंत चेंडू धरणं समजू शकतं. नेम चुकला तरी जादा वेळ मिळतो आणि समोरच्याला उत्तर द्यायला क्षण उरत नाही. पण एका गुणाने मागे असताना घड्याळ कोणासाठी जाळायचं? दहा-अकरा सेकंद असताना बास्केटवर नेम धरला तर चुकलेला चेंडू बोर्डखालून पुन्हा उचलता येतो. त्यातून समोरच्या संघाचे त्या क्वार्टरमधले चार फाउल भरलेले असतील, तर पाचव्यापासून प्रत्येक फाउलला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता घ्यायचे नेम. म्हणजे लवकर आत घुसण्यातच फायदा.

दुसरी गोष्ट पायांची. सामना चाळीस मिनिटांचा. चेंडू आठ सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यायचा, तोही अंगावर चिकटलेल्या माणसाला चुकवत, हे काम दिवसभर त्या एकाचंच. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला त्याला दोन मिनिटं बसवायला माझा जीव धजत नसे. मग शेवटी त्याचे नेम आखूड पडायचे आणि ओरडायचो मीच. शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउट घेतला तर मागच्या अर्धातला आपला चेंडू थेट पुढच्या अर्धात बाजूरेषेवरून खेळात आणता येतो. तेवढीच त्याची धाव वाचते. त्यासाठी टाइमआउट राखून ठेवावा लागतो, आणि आम्ही तो पंचांवरच्या रागापायी आधीच उडवलेला असतो!

१९९७च्या एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम मालिकेचा सहावा सामना आठवा. ८६-८६ अशी बरोबरी, चेंडू शिकागोच्या मायकेल जॉर्डनकडे. सगळं सभागृह त्याच्याकडे बघतंय. युटाचा जॉन स्टॉकटन स्टीव्ह करला सोडून जॉर्डनवर धावला, जॉर्डनने चेंडू आपल्या साथीदाराकडे, त्या स्टीव्ह करकडे दिला, पाच सेकंद असताना बास्केट झाली. शिकागो जिंकलं. जॉर्डनसारख्याने पास दिला, आणि आम्ही आमच्या सोळा वर्षांच्या पोराला म्हणतो, तूच घे!

पुढच्या हंगामात आम्ही एकच गोष्ट घोटली. बारा सेकंद उरले की पॉइंट गार्डने चेंडू उंच पोराकडे द्यायचा आणि स्वतः कोपऱ्याकडे पळायचं. आधी त्याला ते अपमानासारखं वाटलं, दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. मग तसाच एक सामना आला. त्याने चेंडू दिला आणि पळाला. सवयीने दोघे त्याच्यामागे गेले. उंच पोराला लेअपसाठी, म्हणजे रिंगजवळ जाऊन चेंडू अलगद आत टाकायला, अख्खी वाट मोकळी. कोपऱ्यात दोघांच्या मध्ये अडकलेला आमचा पॉइंट गार्ड दोन्ही हात वर करून हसत उभा होता.