बेसीच्या छातीतला कापूस

[बर्नली. गिरणीची चिमणी, मागे हिरवी टेकडी.]

ही क्वीन स्ट्रीट गिरणी. इंग्लंडमधल्या लँकेशरात, बर्नली गावाच्या कडेला. १८९५च्या सुमारास सुरू झाली, १९८२ साली बंद पडली. मुंबईत आपला गिरणी संप सुरू झाला, तेच वर्ष. आता इथे संग्रहालय आहे.

[इंजिनघर. मोठं चाक फिरू लागतं.]

पाचशे अश्वशक्तीचं हे वाफेचं इंजिन. नाव ‘पीस’, म्हणजे शांतता. आता साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या मागांच्या खात्यात चला आणि ही शांतता ऐका.

[साचेखाता. आवाज पूर्ण. दहा सेकंद निवेदन नाही.]

तीनशेच्या वर साचे आहेत इथे. इंजिन फिरलं की छताखालचे लोखंडी दांडे फिरतात, दांड्यांवरून चामड्याचे पट्टे खाली उतरतात आणि एकेक पट्टा एकेक साचा ओढतो. उभे धागे वर-खाली होतात, मधून आडवा धागा नेणारा धोटा सुटतो. फटका बसला की इकडून तिकडे, पुन्हा फटका, पुन्हा इकडे. असे चार-चार साचे एक बाई सांभाळायची. बोललेलं ऐकू येणं शक्यच नव्हतं, म्हणून इथल्या बायका ओठांवरून बोलणं वाचायच्या.

हा धोटा जवळून पाहा. कडेला बारीक भोक आहे. आतली धाग्याची कांडी संपली की नवी भरायची, भोकाला तोंड लावायचं आणि जोरात श्वास ओढून धागा बाहेर काढायचा. इथे त्याला धोट्याचा मुका घेणं म्हणत. धाग्याबरोबर तूस, म्हणजे कापसाचे बारीक तंतूही तोंडात जायचे. आणि त्याच धोट्याला उद्या दुसरीचं तोंड.

[साच्यांवरचा पांढरा तूस, उन्हाच्या तिरिपेत.]

२००४ साली बीबीसीने ‘नॉर्थ अँड साऊथ’ ही चार भागांची मालिका केली, तिच्यातली विणाईची दृश्यं याच खात्यातली. नायिका मार्गारेट दार सरकवते आणि समोर सगळीकडे कापूस तरंगतोय, बर्फ पडावा तसा. त्या बर्फापलीकडे गिरणीमालक थॉर्नटन उभा. लोक आजही त्या दृश्यावर जीव टाकतात. मूळ कादंबरीत ते नाहीच. तिथे या दोघांची पहिली भेट होते हॉटेलच्या खोलीत, घर भाड्याने घेण्याच्या कामातून.

[मँचेस्टर. ८४, प्लिमथ ग्रोव्ह. जेवणाचं टेबल, दौत, खिडकी.]

ती कादंबरी लिहिणाऱ्या एलिझाबेथ गॅस्केल इथे राहायच्या. नवरा धर्मोपदेशक, घरात मुली, येणंजाणं सतत. लेखन या जेवणाच्या टेबलावर. ‘नॉर्थ अँड साऊथ’ १८५४च्या सप्टेंबरपासून डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आली. बाईंना नाव द्यायचं होतं ‘मार्गारेट हेल’. डिकन्सने बदलायला लावलं.

कापूस कादंबरीतही आहे, पण तो बेसी हिगिन्सच्या छातीत. कार्डिंग खात्यात काम करून एकोणिसाव्या वर्षी मरायला टेकलेली पोर. कार्डिंग म्हणजे कापूस पिंजून त्याचे तंतू सरळ करणं. तूस सगळ्यात जास्त उडतो तो तिथे. बेसी मार्गारेटला सांगते, काही मालक खात्याच्या टोकाला मोठं चाक बसवतात, त्याच्या वाऱ्याने धूळ बाहेर जाते. पण चाकाला पाच-सहाशे पौंड पडतात आणि नफा एक पैचा नाही, म्हणून फारसं कुणी बसवत नाही.

पुढचं तिचं बोलणं मला जास्त लागतं. काही कामगारांनाही म्हणे चाक नको होतं. इतकी वर्षं तूस गिळायची सवय, तो बंद झाला की भूक लागते. मग अशा खात्यात काम करायचं तर पगार वाढवा!

दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका बाईने हे ऐकून, समजून लिहून ठेवलं. आपल्या लक्षात राहिला बर्फ.

[प्रेस्टन. रस्ता, जुन्या विटांच्या भिंती.]

दहा टक्के पगारवाढीसाठी लँकेशरातल्याच प्रेस्टनचे विणकर १८५३-५४ मध्ये महिनोन्‌महिने झगडले आणि शेवटी हात हलवत कामावर परतले. कादंबरीतलाही संप फसतो. त्याआधी बेसी गेलेली नसते; त्यानंतर जाते.

[पुन्हा साचेखाता. इंजिन थांबतं. पट्टे हळूहळू स्थिर.]

चार वाजले. संग्रहालयातला माणूस ब्रश घेऊन साचा झाडतोय. त्याच्या काळ्या बाहीवर पाहा.

[बाहीचं जवळून दृश्य. निवेदन नाही.]