उपासाची खिचडी, तेलाचा कॅन आणि अर्धा तास चालणं

नमस्कार मंडळी. श्रावण चालू आहे, सोमवार-शनिवार धरणारे कितीतरी जण आत्ता ऐकत असतील, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात हेही असणार की उपास होतातच आहेत तर थोडं वजनही उतरेल. मी आहाराचा सल्ला देण्याचं काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, "मॅडम, मी काहीच खात नाही हो, तरी काटा हलत नाही." माणूस अगदी मनापासून बोलत असतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. अमेरिकेत 1992 साली एक अभ्यास छापून आला होता, डाएट करूनही वजन उतरत नाही असं म्हणणाऱ्या काही लोकांचं खाणं शास्त्रीय पद्धतीने मोजलं, तर ते सांगत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट निघालं, आणि हालचाल मात्र सांगितली त्यापेक्षा बरीच कमी. कारण आपल्या लक्षात दोन वेळचं जेवण राहतं, येता-जाता तोंडात टाकलेलं राहत नाही.

म्हणून मी सगळ्यांना आधी वही करायला सांगते. साधी, शाळेची, दोनशे पानी. आणि लिहायचं ते खाताना, रात्री झोपताना आठवून नाही, कारण रात्री आठवत बसलात की दुपारी डबा घासायला टाकताना खाल्लेली उरलेली अर्धी पोळी कुठल्याकुठे गेलेली असते.

एक ताई होत्या, त्यांच्या वहीतलं एक पान सांगते. सकाळी सहाला चहा, साखर दोन चमचे. आठला परत चहा, दोन चमचे, बरोबर दोन टोस्ट. अकराला शेंगदाणे मूठभर, कूट करायला भाजले होते म्हणून. चारला चहा. सहाला मिस्टर आले म्हणून त्यांच्याबरोबर परत चहा. ह्यात जेवण कुठेच नाही बघा, जेवण त्यांचं खरोखरच कमी होतं, एक पोळी, भाजी, वरणभात थोडासा. पण चार चहांची साखर आठ चमचे म्हणजे साधारण 40 ग्रॅम, त्याच्या 160 कॅलरी, मूठभर दाण्यांच्या तितक्याच, शिवाय दूध आणि टोस्ट वेगळे. हे पान त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि स्वतःच वाचलं, मला एक अक्षर बोलावं लागलं नाही, पुढच्या वेळी आल्या तेव्हा चार चहांचे दोन झाले होते आणि साखर एकेक चमचा.

आता उपासाचं बोलू. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च, 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रोटीन नावालासुद्धा नाही. एका माणसाच्या भरलेल्या ताटलीला 60 ग्रॅम साबुदाणा धरा, 30 ग्रॅम दाण्याचं कूट, दोन छोटे चमचे तूप आणि अर्धा बटाटा, झाल्या की 500 कॅलरी. चव इतकी सुरेख की ताटलीवर कोणी थांबत नाही, संध्याकाळी वर वेफर्स, खजूर, आणि रात्री उपास सोडायला गोडाचं जेवण. मी उपास सोडा असं कधीच म्हणणार नाही, श्रद्धेचा विषय आहे तो. पण भगर घ्या आमटीबरोबर, ताक घ्या, दही घ्या, काकडीची कोशिंबीर, उकडलेलं रताळं घ्या, आणि खिचडीच करायची तर साबुदाणा वाटीने मोजून भिजवा. आणि उपासाच्या दिवशीही वही लिहा, त्या दिवशी तर आवर्जून लिहा.

तेलाचं तर वहीत कोणी लिहीतच नाही, कारण फोडणीतलं तेल ताटात वेगळं दिसत नाही. त्यासाठी मी महिन्याचा हिशेब करायला सांगते. घरात चार माणसं आणि पाच लिटरचा कॅन महिनाभरात संपतो, हे अगदी सर्रास दिसतं. भागाकार करा, माणशी रोज साधारण 41 मिली, म्हणजे 38 ग्रॅम, म्हणजे 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि ह्यात बाहेरचा वडापाव, फरसाण काही धरलेलं नाही. बैठं काम करणाऱ्या माणसाला वरचं तेल-तूप मिळून दिवसाला 20 ते 25 ग्रॅम पुरतं. मग काय करायचं, तर कॅनमधून थेट कढईत ओतायचं नाही, चारजणांच्या घरात आठवड्याला 600 मिलीची एक बाटली वेगळी काढून ठेवायची, संपली की त्या आठवड्यात संपली. तूप त्याच हिशेबात धरायचं. स्वयंपाक करणाऱ्या बाईवर सगळं ढकलू नका मात्र, घरातल्या बाकीच्यांनी कमी तेलाची भाजी नाक न मुरडता खाल्ली तरच हे टिकतं.

मोबाइलवर ॲप आहेत, चांगली आहेत, ज्यांना जमतं त्यांनी जरूर वापरा. फक्त ॲपला तुमच्या घरची वाटी माहीत नसते आणि तुमची आमटी पातळ की घट्ट हेही माहीत नसतं. एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आपली पोळी, आपली भाकरी, आपल्या वाटीतला भात तोलून घ्या, एकदाच, मग अंदाज बसतो. वहीचा उपयोग होतो ह्याला आधारही आहे, अमेरिकेत सुमारे 1700 लोकांना घेऊन झालेला एक अभ्यास 2008 साली आला, आहार-व्यायाम सगळ्यांनाच सांगितला होता, पण जे रोज लिहीत होते त्यांचं वजन न लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण दुप्पट उतरलं.

आता कोणी म्हणेल मी तर बारीकच आहे, मला काय करायचंय. तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, ह्या दोघांचा एक फोटो 2004 साली लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी, युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपल्या लोकांचं हे असं आहे, हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, आणि त्यातूनच डायबेटीस लवकर येतो. म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 च्या पुढे गेला की लक्ष द्यायला सांगतात, आणि कमरेला टेप लावून बघा, पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80, त्याच्या आत राहायला हवं.

आणि चालणं. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी भराभर चालला तर सव्वाशे ते दीडशे कॅलरी जातात, एक वडापाव साधारण तीनशेचा, म्हणजे खाल्लेलं चालून जिरवायचं म्हटलं तर दिवस पुरणार नाही. मग चालायचं कशाला? जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर रक्तातली साखर एवढी चढत नाही. झोप चांगली लागते. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं म्हणजे उतरलेलं वजन परत चढत नाही. अमेरिकेत 1994 पासून अशा लोकांची नोंद ठेवतात ज्यांनी किमान साडेतेरा किलो वजन उतरवलं आणि वर्षभर तरी तसंच ठेवलं, त्यातले बहुतेक लोक रोज तासाभराच्या आसपास हालचाल करतात, आणि त्यात सगळ्यात जास्त प्रमाण चालण्याचंच. दहा हजार पावलांचा धसका घेऊ नका, तो आकडा 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रामुळे रूढ झाला. आठवड्याला 150 मिनिटं हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाला, देवळाच्या सभामंडपात चाला, घरातल्या घरात हॉलपासून किचनपर्यंत चाला, दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालतं.

वजन आठवड्यातून एकदाच बघा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. रोज बघितलंत तर काल लोणचं-पापड जास्त झाला म्हणून पाणी साठून किलोभर वर दिसेल आणि उगाच जीव खाली-वर होईल. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर ते उत्तम आहे.

डायबेटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी उपास किंवा जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना वही दाखवा, डोस बदलावा लागतो, साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, वाढत्या वयातली मुलं, ह्यांनी कॅलरी मोजायच्या भानगडीत पडू नये. गुडघे दुखत असतील तर सपाट रस्ता आणि चांगले बूट, तरीही दुखलं तर आधी गुडघा दाखवून घ्या. तुमचे प्रश्न असतील तर केंद्राच्या पत्त्यावर जरूर लिहून पाठवा. नमस्कार.