परत न येणारं गिऱ्हाईक

श्रोतेहो, नमस्कार.

विमानतळावरच्या चहाचं बिल पाहून घोट घशात अडकल्याचा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. त्याच रांगेतल्या औषधाच्या दुकानात मात्र तसं घडता कामा नये. पाकिटावर छापलेली एमआरपी ही तिथेही कमाल किंमत. २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश जागेचं भाडं बघत नाही.

कायदाही तुमच्या गल्लीतल्या मेडिकलचाच, १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा. आपल्या राज्यात परवाना अन्न व औषध प्रशासनाचा, तोही दुकानात दिसेल असा लावलेला. चिठ्ठीवरचं औषध द्यायचं ते नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली. विमानतळ रात्रभर जागा असतो, म्हणजे पहाटे तीन वाजताही. "साहेब जेवायला गेलेत, मी देतो," असं काउंटरवरचा पोरगा म्हणाला, तर तेवढं थांबावं.

मी स्वतः फार्मासिस्ट. गल्लीतल्या दुकानात माझं निम्मं काम ओळखीवर चालतं. काकूंना सल्फाची ॲलर्जी आहे, हे मला पाठ असतं. एखादी बॅच कंपनीने मागे घेतली, तर मी फोन करून सांगू शकतो, "गोळ्यांचा तो पत्ता घेऊ नका, परत आणून द्या." विमानतळावरचं गिऱ्हाईक तासाभरात आकाशात, संध्याकाळी दुसऱ्याच देशात. त्याला शोधणार कुठे? म्हणून तिथे बिल हाच धागा. त्यावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर आहे ना, ते पाहा आणि बोर्डिंग पाससोबत फेकू नका. गोळ्या सुट्या घेतल्या, तर पत्त्याचा एक्स्पायरी छापलेला तुकडा आपल्याकडे येतोय ना, तेही बघा. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या ३०० नामांकित ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो मोबाइलवर स्कॅन केला की बॅच आणि उत्पादक समोर येतो.

तिथे हमखास होणारा वाद झोपेच्या गोळीवरून. "लांबचा प्रवास आहे, एकच द्या हो." एकही मिळत नाही. झोल्पिडेम, अल्प्राझोलाम ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठी आणि नोंदीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत येतात. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या या नियमाप्रमाणे डॉक्टरांची चिठ्ठी हवी, रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव हवं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. नाही म्हणणारा फार्मासिस्ट उद्धट वाटतो खरा. मला विचाराल तर त्याच दुकानातून मी निर्धास्त औषध घेईन.

दुबईला मुलाकडे निघालेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. इथे चिठ्ठीवर रीतसर मिळालेलं कोडीन किंवा ट्रामाडॉल (खोकल्यावरची, दुखण्यावरची औषधं) तिथे नियंत्रित यादीत आहे, आधी परवानगी घ्यावी लागते. इथलं बिल तिथल्या कस्टमला पुरत नाही.

आता इन्सुलिन. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत राहायला हवी. दुकानात विकत घेताना ती फ्रिजमधूनच काढली जातेय ना, हे डोळ्यांनी बघा. आत थर्मामीटर दिसला तर उत्तम. एसीच्या गारव्यात शेल्फवर ठेवलेली असेल तर घेऊ नका. तो गारवा आपल्याला सुखाचा, औषधाला अपुरा. आणि घेतल्यावर ती चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. विमानाच्या पोटात ती गोठू शकते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला नेहमीसारखं दिसलं तरी भरवशाचं राहत नाही. हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसोबत ठेवा. बर्फाची पिशवी वापरणार असाल, तर मध्ये एक जाडसर रुमाल गुंडाळा. कुपी बर्फाला टेकू देऊ नका.