एकशे एक गोळ्या
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आभारप्रदर्शन आधीच उरकलंत ते बरं केलंत. माझं ऐकल्यावर आभार मानायला कुणी उठत नाही, असा अनुभव आहे.

विषय दिलाय ‘आरोग्यविज्ञानाची आंतरविद्याशाखीय पदवी’, म्हणजे आरोग्याशी जोडलेली वेगवेगळी शास्त्रं एकत्र शिकायची. एका दमात म्हणता आलं की प्रवेश पक्का, असं मी पोरांना सांगतो. हा अभ्यासक्रम घेणाऱ्या पोराला लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न येतो: ‘नीटला मार्क कमी पडले का रे?’ हसलात, म्हणजे तुम्हीही विचारलेला दिसतो.

माझी मावशी. वय पंच्याहत्तर, रक्तदाबाचा त्रास. एका मोठ्या दवाखान्यातून घरी आली नि दुसऱ्याच दिवशी फोन: ‘अरे, या एकशे एक गोळ्या संपवायच्या किती दिवसांत?’ जाऊन बघतो तर औषधाच्या नावापुढे १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. मधल्या रेघा पुसट. आणि मावशीने जन्मभर आहेराच्या पाकिटावर एकशे एकच लिहिलेले. तिने वाचलं ते बरोबरच वाचलं की! गोळ्यांची पट्टी केमिस्टने कात्रीने कापून दिलेली. मुदतीची तारीख गेली दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

बरं, एवढं समजावून दिलं तरी रात्रीची गोळी ती घेईना. पाणी उतरवणारी गोळी ती, लघवीला उठावं लागायचं. संडास अंगणाच्या टोकाला, वाटेत दिवा नाही. पुढच्या तपासणीत कागदावर शेरा पडला: रुग्ण सहकार्य करत नाही. माझी मावशी! अख्ख्या आळीचे पापड लाटून देते ती, आणि सहकार्य करत नाही! तो कागद मी अजून जपून ठेवलाय. ती गोळी दुपारी चालेल का, हे डॉक्टरांना विचारायचं सुचायला औषधशास्त्र लागतं. दिवा नाही हे कळायला मात्र घरी जावं लागतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. ही मला बरोबर वाचता आली.

तर भरभर सांगतो. मुंबईचा प्लेग घ्या. सप्टेंबर १८९६, मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. तिथे धान्याची गोदामं, म्हणजे उंदीर, उंदरांवर पिसवा. हे झालं जीवशास्त्र. जानेवारी १८९७मध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी भायखळ्यात प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली: प्रतिकारशास्त्र. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. पुण्यात घरात घुसून झडत्या झाल्या, लोक भडकले, जूनमध्ये तिथला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. हे कोणत्या खात्यात टाकणार? १८९८मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि शहरात हवा खेळावी म्हणून रस्ते रुंद करायला निघाला: नगररचना. एकच साथ, आणि आपण ती सहा वर्गांत सहा मास्तरांकडून शिकवणार, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही! या पदवीत पहिल्या वर्षापासून हे सगळं एकाच टेबलावर येतं. शरीररचना शिकायचीच, वस्तीतही जायचंच.

ही मुलं डॉक्टर होणार नाहीत, नावामागे ‘डॉ.’ लावणार नाहीत, हे पालकांना प्रवेशाच्या दिवशीच स्पष्ट सांगावं. साथींचे आकडे, आरोग्य योजनांची आखणी, संशोधन, अशी कामं आहेत. बहुतेकांना पुढे एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, वगैरे करावं लागतं, हेही लपवू नये. संख्याशास्त्र राहिलंच. ते चहाच्या वेळी विचारा. मावशीच्या अंगणात आता बल्ब आहे.