महिलांच्या जागेवर कोण उभं राहू शकतं?

जानेवारी 2021मध्ये महाराष्ट्रातल्या चौदा हजारांहून जास्त ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्यात जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुक गावात अंजली गुरू संजना जान यांनी सर्वसाधारण महिलेसाठी राखीव असलेल्या जागेवर उमेदवारी अर्ज भरला होता. उमेदवार तृतीयपंथी आणि जागा महिलेची, म्हणून छाननीत अर्ज बाद झाला. मतदान 15 जानेवारीला होतं. अंजलीताईंनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात धाव घेतली. तिथे अर्ज ग्राह्य ठरला आणि गावाने त्यांना निवडूनही दिलं.

आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केलेला होता. खंडपीठाने तोच धागा पुढे नेला. त्याचबरोबर एक गोष्ट नोंदवून घेतली: आपण स्त्री ही ओळख आयुष्यभरासाठी स्वीकारली आहे आणि पुढे सोय पाहून पुरुष म्हणून उभ्या राहणार नाही, असं अंजलीताईंनी सांगितलं होतं. पात्रतेची कसोटी अशीच असावी, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरी तपासणी नको, शेजारपाजाऱ्यांच्या साक्षी नकोत. कायमचं, लेखी, शपथेवर केलेलं विधान पुरे.

पुरुष साडी नेसून राखीव जागा लाटतील, असं यावर मला हमखास ऐकवलं जातं. खोटं शपथपत्र हा गुन्हा आहेच. आणि समाज तृतीयपंथी माणसाला कसं वागवतो ते पाहता, पाच वर्षांच्या सदस्यत्वासाठी कोणी जन्मभराचं ते जिणं पत्करेल, हे मला पटत नाही. महिला आरक्षणाचा खरा गैरवापर गावोगाव दिसतो, तो सरपंचपतीच्या रूपाने. सही बाईची, कारभार नवऱ्याचा. ती बाई कागदावर शंभर टक्के पात्र असते, म्हणून छाननीत तिथे कुणी बोट ठेवत नाही.

भादलीच्या आधी काय होत होतं, तेही पाहा. मध्य प्रदेशात कटनीचं महापौरपद महिलांसाठी राखीव होतं आणि लोकांनी कमला जान यांना निवडून दिलं. पुढे कमला जान कायद्याच्या नजरेत पुरुष ठरल्या आणि निवड रद्द झाली. 2003मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. शहराने डोळे उघडे ठेवून केलेलं मतदान वाया गेलं. तेव्हा नालसा निकाल नव्हता. आज आहे, तरीही घोळ संपलेला नाही. नालसाने शस्त्रक्रियेची सक्ती नाकारली. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2019च्या कायद्याने मात्र 'स्त्री' किंवा 'पुरुष' अशी नोंद असलेल्या प्रमाणपत्रासाठी शस्त्रक्रियेची अट ठेवली. छाननीच्या टेबलावर बसलेल्या तहसील कचेरीतल्या अधिकाऱ्याने यातलं काय धरायचं?

म्हणूनच हा निर्णय त्या टेबलावर सोडणं मला धोक्याचं वाटतं. निवडणूक सुरू झाली की न्यायालयं सहसा हात घालत नाहीत. राज्यघटनेचं कलम 243-ओ त्यांना तसं बांधून ठेवतं. अर्ज चुकीने बाद झाला, तरी एरवी मतदान उरकेपर्यंत थांबायचं आणि मग निवडणूक याचिका करायची. अंजलीताईंना दोन आठवड्यांच्या आत न्याय मिळाला, हा अपवाद आहे. वकील गाठायला पैसे नसलेली, घरातून हाकलून दिलेली एखादी तृतीयपंथी उमेदवार मुकाट्याने परत गेली असती.

आपल्या राज्यात 2011पासून पंचायतींच्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. लोकसभा-विधानसभांसाठी 2023मध्ये महिला आरक्षणाची 106वी घटनादुरुस्ती झाली. तिच्यातही महिला म्हणून कोण पात्र, हे लिहिलेलं नाही. राज्य निवडणूक आयोगाने एक परिपत्रक काढावं: स्वतःची ओळख स्त्री असल्याचं कायमचं शपथपत्र देणाऱ्या तृतीयपंथी उमेदवाराचा महिला राखीव जागेवरचा अर्ज लिंगाच्या कारणावरून बाद करू नये. मतदार यादीत नोंद 'इतर' अशी असली, तरीही. आणि हे परिपत्रक अर्ज भरायला सुरुवात होण्याआधी प्रत्येक निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडलेलं असावं.