वायर आधी, पडदा नंतर

हा तुकडा आधी हातोहात फिरवा. जपून धरा असं सांगत नाही, बिघडायचं ते बिघडून झालंय. जी पोपटी भुकटी दिसते, तिथं एके काळी चकचकीत पिना होत्या. माझ्या पहिल्या फिशफाइंडरची, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणाऱ्या मशीनची, ही जोडणी. आपल्या गोव्यातल्या शापोऱ्याच्या खाडीत पाच आठवडे टिकली. मशीन ठणठणीत होतं, पण त्याच्यापर्यंत करंटच पोचत नव्हता. मी दुकानदाराशी फोनवर भांडलो, आणि नंतर खजील झालो. खाडीतून आलो की कयाक, माझी वल्ह्याची छोटी होडी, गोड्या पाण्यानं धुवायचो, रॉड धुवायचो, या जोडणीला मात्र एकदाही हात लावला नव्हता. माझा धंदा काय, तर इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या. लोकांच्या घरी जाऊन टर्मिनल साफ करा म्हणून बजावणारा मीच.

त्यामुळे आज पडद्याबद्दल कमी बोलणार आहे. पडदा सात इंची घ्यावा की नऊ, हे मला सगळे विचारतात. वायर कुठली घेऊ, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही.

आपली जागा बघा. शिवोली, कोलवाळ, इकडे तेरेखोल. आपण गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, बसतो तिथं बहुतेक दोन-चार मीटर पाणी. फिशफाइंडर आवाजाची लहर खाली सोडतो आणि परत आलेला पडसाद मोजतो. २०० किलोहर्ट्‌झला ती लहर साधारण २० अंशांच्या शंकूत पसरते. हिशोब केला तर तीन मीटर खोलीला तळावर जेमतेम एक मीटर रुंदीचं वर्तुळ. आंघोळीच्या पाटाहून थोडी मोठी जागा! तेवढ्यात चोणक येऊन उभा राहील आणि तुम्हाला पडद्यावर नमस्कार करील, ही आशा सोडा. मासा दाखवणारी ती छोटी चित्रं तर आधी बंद करा. पान, बुडबुडा, वाहतं शेवाळ, मशीन सगळ्यालाच मासा म्हणतं.

मग घ्यायचं कशाला? तळासाठी. चिखलाचा तळ फिकट उमटतो. खडक किंवा कालवांचा थर असेल तर रेष ठळक येते, आणि तीन मीटरवर तळ असेल तर सहा मीटरवर तिची दुसरी पडछाया दिसते, कारण आवाज तळाला आपटून वर येतो, पृष्ठभागावरून परत खाली जातो आणि पुन्हा वर येतो. ही दुसरी रेष दिसली की मी थांबतो. तांबोशी आणि गोबरे अशाच जागी. पण रेंज, म्हणजे पडदा किती खोलीपर्यंतचं दाखवणार ते, ऑटोवर असेल तर मशीन बहुतेक वेळा पाच मीटरच्या खालचं दाखवतच नाही, रेष कापली जाते. रेंज हातानं खोलीच्या अडीच पट ठेवा. आणि पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता. डावीकडे दिसतं ते मागे राहिलेलं पाणी. पहिलं वर्षभर मी मागे गेलेल्या खडकासाठी पुढे गळ टाकत होतो.

पावसाळ्याच्या शेवटी आणखी एक गंमत होते. वर नदीचं गोडं पाणी, खाली समुद्राचं खारं. दोन्ही जिथं भेटतात तिथं पडद्यावर अधांतरी एक अस्पष्ट पट्टी दिसते. तो तळ नव्हे आणि माशांचा थवाही नव्हे.

आता बसवायचं कसं. आपल्या बहुतेक कयाक पॉलिथिलीनच्या, गच्चीवरची पाण्याची टाकी जशी साच्यात फिरवून करतात तशाच. या प्लॅस्टिकला कुठलाच गोंद नीट धरत नाही. ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि पडसाद ऐकणारा भाग, काही जण आतल्या बाजूनं सिलिकॉनच्या थरात बसवतात, कारण आवाज प्लॅस्टिकमधून जातो. जातो हे खरं, पण थरात एक बुडबुडा राहिला की सगळं वाया, हवा आवाजाला अडवते. शिवाय पाण्याचं तापमान म्हणून तो कयाकच्या पोटातलं तापमान दाखवतो, आणि बाजूला बघणारा सोनार तर आतून उपयोगाचाच नाही. पाणी निथळायला कयाकच्या तळाला जे भोक असतं त्यात बसवला तर वाळूवरून ओढताना खरवडतो. मी बाजूच्या पट्टीला एक दांडा लावलाय, खडकाला लागला की आपोआप मागे वळतो. दिसायला गबाळा आहे. पोरगा हसतो. हसू दे.

ड्रिल लावण्यापूर्वी एक काम करा. कयाक अंगणात ठेवा, लाइफ जॅकेट घालून तिच्यात बसा, वल्हं मारा, रॉड फेकल्याचं नाटक करा. शेजारी बघतील, बघू द्या. हात सहज पोचतो तिथं चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर पडदा टेकवून बघा. नंतर खाली उतरा आणि पाण्यातून वर चढताना जसं पोटावर सरपटत येता तसं बाजूनं चढून बघा. मी हे केलं नव्हतं. पडदा मधोमध, अगदी गुडघ्यांपुढे बसवला, फार देखणा दिसत होता. मोरजीच्या बाजूला एका लाटेनं उलटलो, परत चढायला गेलो तर जॅकेटचा पट्टा पडद्याच्या दांड्यात अडकला. किनारा हाकेच्या अंतरावर होता म्हणून आज इथं बोलतोय. आता माझी डावी बाजू पूर्ण मोकळी असते. तिथं रॉड होल्डरसुद्धा नाही.

भोकं पाण्याच्या रेषेच्या वरच पाडा, आत रुंद पट्टी किंवा मोठा वायसर द्या, स्क्रू ३१६ स्टेनलेसचे घ्या. ३०४ सुद्धा खाऱ्या पाण्यात डाग धरतं.

बॅटरी. माझं पाच इंची मशीन साधारण अर्धा अँपिअर खातं. सहा तासांचे तीन अँपिअर-तास. यूपीएसमधली १२ व्होल्ट सात अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी चालते, पण तिच्यातलं निम्मंच वापरायचं असतं, म्हणजे साडेतीन, आणि वजन दोन किलोंच्या वर. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट एक किलोच्या आसपास. तिला चार्जर तिचाच लागतो, शिशाचा चालवू नका. आणखी एक खोड सांगतो, तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत तेराच्या आसपास स्थिर राहतो आणि मग एकदम कोसळतो. पडद्यावरच्या व्होल्टेजवर विसंबू नका, तास मोजा. फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून वितीभर अंतरात हवा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरला राखण नसते. वायर कल्हईची घ्या. साधं तांबं आवरणाच्या आतल्या आत काळं पडत जातं. सांध्यावर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब चढवा, पिनांना ग्रीस लावा. एवढं केलं असतं तर हा फिरणारा तुकडा आज तुमच्या हातात नसता.

मशीनवर आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही गोड्या पाण्यात. ती परीक्षा घेणाऱ्यांना आपलं मीठ भेटलेलं नसतं.

काळा चष्मा पोलराइज्ड असेल तर तो घालून दुकानातच पडदा बघा, मान वाकडी करून. काही पडदे एका कोनात ठार काळे दिसतात.

नांगर टाकाल तेव्हा दोर पुढच्या किंवा मागच्या टोकालाच बांधा, मधे कधीच नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, ओहोटीचं पाणी ओढायला लागलं की मधे बांधलेली कयाक आडवी होऊन उलटते. दोर झटक्यात सुटेल असा अडकवा, आणि चाकू अंगावर ठेवा. मानशीपाशी, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, ओहोटीला मासा जमतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मानशीची पावणी, म्हणजे मासेमारीच्या हक्काचा लिलाव, झालेली असते, तिथं गरवायचं तर आधी विचारा. मशीन घेऊन गेलो म्हणून हक्क मिळत नाही.

मोबाइल पिशवीत ठेवा, तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर पाठ करा. अंधारात पांढरा टॉर्च हाताशी असू द्या, मांडवीत बार्ज आणि फेरीबोटवाल्याला तुम्ही दिसतच नाही. परदेशातून भाऊ-मेहुणे उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आणून देतात, ते मात्र नको. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते आपल्याकडे बाळगता येत नाही, विमानतळावरच अडकाल.

प्रश्न जेवणानंतर घेऊ. कयाक मागच्या अंगणात ठेवली आहे आणि चिकटपट्टी मी आणली आहे. एकेकानं बसून बघा. चढायचं मात्र पोटावर सरपटत, लाजायचं नाही.